सुभेदारांची चाल

‘थांबा. पाऊल उचलू नका.’

कमरेच्या पट्ट्यातून आवाज आला आणि सुभेदार हैबतराव शेडगे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी एक पाय अधांतरी धरून उभे राहिले. आवाज बाईचा होता, गोड, लेकीसुनेसारखा. त्यात धाक नव्हता. धाक असता तर एक वेळ बरं वाटलं असतं, धाकाशी कसं वागायचं हे त्यांना ठाऊक होतं.

‘पडण्याची शक्यता वाढली आहे. कृपया मागे फिरा आणि खुर्चीत बसा.’

‘पाणीच प्यायचंय ना? बसा तुम्ही, मी आणते,’ आतून चंद्राबाई म्हणाल्या. पोळपाटावरची चपाती तशीच टाकून त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या.

‘काल मी इथनं आत येत होतो,’ हैबतराव हळूच म्हणाले.

चंद्राबाईंनी माजघरातल्या भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. तिथं त्यांच्याच घराचा नकाशा काढलेला होता. जिथं चालणं सुखरूप ती जागा हिरवी, जिथं धोका ती लाल. हैबतराव इस्पितळातून घरी आले तेव्हा ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, परसातल्या तुळशीपर्यंत सगळं हिरवंगार होतं. मग परस गेलं. मग ओसरी गेली. आज स्वयंपाकघर गेलं होतं. एखाद्या डोंगरावरच्या चौक्या एकेक करून शत्रूच्या हाती पडत जाव्यात तसं घर त्यांच्या हातून चाललं होतं, आणि शत्रू कुठं दिसत नव्हता. तो त्यांच्याच पायांत होता.

मोरवणी हे साताऱ्याकडचं डोंगराच्या कुशीतलं गाव. इथं घरटी एक तरी काळी पेटी असते, वर पांढऱ्या रंगात नाव आणि पलटणीचा नंबर घातलेली. हैबतरावांच्या पेटीत आता गोधड्या होत्या. पेन्शनीत आल्यावर त्यांनी दुसरी पलटण धरली होती, भैरवनाथाच्या देवळातली टाळकऱ्यांची. कीर्तनाला बुवा उभे राहिले की त्यांच्या पाठीमागच्या रांगेत उजवीकडून पहिली जागा सुभेदारांची. अभंगाची चाल चढत गेली आणि टाळकऱ्यांची पावली सुरू झाली, की चंद्राबाई बायकांत बसून डोळे मिटून घेत. इतक्या पावलांतून आपल्या माणसाचं पाऊल त्यांना ऐकू येई. डावा पाय जरासा घासत यायचा, मग उजवा टेकायचा. बर्फातल्या नोकरीनं डाव्या पायाच्या बोटांतली जाण थोडी मेली होती.

पावसाळ्याच्या तोंडाला शेताच्या बांधावरून घसरून त्यांचा खुबा मोडला. शहरात नेऊन पट्टी-खिळे घालून जोडला. घरी सोडताना माजी सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रानं त्यांच्या पायांत ‘सांभाळ’ चढवलं.

माणूस चालतो म्हणजे खरं पाहता दर पावलाला थोडा पडतो, आणि पुढचा पाय वेळेवर टेकवून स्वतःला सावरतो. लहान मूल ही सावरण्याची कला शिकतं, म्हातारा ती हळूहळू विसरतो. सांभाळची सगळी करामत याच सावरण्यावर बेतलेली होती. मांडीपासून घोट्यापर्यंत दोन मोजे. त्यांच्या विणीत केसाहून बारीक तारा. कुठला स्नायू किती ताणला, किती थरथरला, हे त्या तारा सतत टिपत. कमरेच्या पट्ट्यात तोल मोजणारं एक बारकंसं यंत्र. या सगळ्याची खबर क्षणाक्षणाला शहरातल्या केंद्राकडे जाई आणि तिथला संगणक ती वाची. डॉक्टरला खेड्यात यायला नको, म्हाताऱ्याला हाडं खिळखिळी करत शहरात जायला नको.

संगणक पहिल्या दिवशी माणसाची चाल शिकून घेई. तिला म्हणत ‘मूळ चाल’. जशी प्रत्येकाची सही वेगळी, तशी चालही. पुढं प्रत्येक पाऊल त्या मूळ चालीशी ताडून बघायचं. कारण पडण्याची सुरुवात पडण्याच्या कितीतरी आधी होते. महिनाभर आधी टाच उशिरा उचलू लागते, आठवडाभर आधी खांदा कलतो. माणसाला कळत नाही, पण चालीला कळतं. मूळ चालीपासून फरक वाढला की सांभाळ आधी सूचना देई. नाही ऐकलं तर मोज्यातल्या तारांमधून किंचित वीज सोडी, तारा आखडत, आणि गुडघा जागच्या जागी धरला जाई. बळकट, पण न दुखवता. एखाद्यानं मागून येऊन मिठी मारावी तसा.

ज्या दिवशी मूळ चाल शिकवायची होती त्या दिवशी भिंतीवरच्या पडद्यात मेजर कौमुदी रानडे दिसल्या. केंद्रात चालण्याच्या उपचारांचं काम त्यांच्याकडे होतं. वय तसं लेकीचं. पण अंगात वर्दी, खांद्यावर अशोकस्तंभ झळकत असलेला.

हैबतराव खुर्चीतून उठले ते ताठच उठले.

‘जय हिंद, मॅडम.’

‘जय हिंद, सुभेदारसाहेब. बसा, बसा. आता फक्त एवढंच करायचं, या भिंतीपासून त्या दारापर्यंत जायचं आणि यायचं. नेहमी चालता तसं.’

‘जी मॅडम.’

छाती पुढं, हनुवटी वर, टाचा ठाशीव. नवा जोडलेला खुबा आतून कळवळत होता, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. वळताना त्यांनी टाच आपटली. ‘वा, सुभेदारसाहेब!’ मॅडम म्हणाल्या. दाराआड उभ्या चंद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. नंतर त्या म्हणाल्या, ‘आपल्या वरातीत तरी चालायचं असं. तेव्हा घोड्यावरनं पडता पडता वाचला होता.’

‘अगं, मेजर होत्या समोर.’

‘मला बघून नाही कधी टाच आपटली.’

‘तू कुठं मेजर आहेस? तू तर जनरल,’ हैबतराव म्हणाले होते. तेव्हा घरात हसणं होतं.

आता नव्हतं. दर मंगळवारी मॅडम पडद्यावर येत, चालून दाखवायला सांगत, हैबतराव चालून दाखवत. त्या तेवढ्या वेळात पट्ट्यावरचा दिवा हिरवा राही. मॅडम पडद्यावरून गेल्या आणि हैबतराव पाण्याला, परसाला, देवाला निघाले, की दिवा पिवळा, मग लाल. पाऊल टाकायचीच भीती बसली. भीतीनं पाऊल अडखळू लागलं, अडखळलं की यंत्राला आणखी फरक दिसू लागला, आणि नकाशावरचं लाल आणखी एका खोलीनं पुढं सरकलं. एकदा झोपेतून उठताना गुडघे धरले गेले ते बराच वेळ सुटेनात. खाटेच्या कडेला, पाय पुढं काढलेले, लाकडी बाहुल्यासारखे ते बसून राहिले. तेव्हा त्यांच्या मनात आलं, सरण असंच असेल का? वरून कुणीतरी गोड आवाजात सांगत असेल का, हलू नका म्हणून?

हे त्यांनी चंद्राबाईंना सांगितलं नाही.

स्वयंपाकघर लाल झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मॅडम नेहमीपेक्षा जास्त वेळ कागद चाळत बसल्या होत्या.

‘सुभेदारसाहेब, मला एक कोडं पडलंय. माझ्यासमोर तुम्ही पंचविशीतल्या जवानासारखे चालता. पण एरवीची तुमची जी माहिती येते ती वेगळ्याच माणसाची वाटते. पाय घासतोय, मान झुकतेय, लय चुकतेय. आणि रोज वाढतंय.’

‘जी मॅडम.’

‘कधी कधी हे पायांचं नसतं. मेंदूतल्या चालीच्या केंद्राचं असतं. थोडा वेळ लक्ष देऊन माणूस नीट चालतो, लक्ष हटलं की आतली शिस्त सुटते. मी मेंदूची तपासणी लावते. तोवर बंधन वाढवावं लागेल. सूचना देऊन वाट न पाहता गुडघा लगेच धरला जाईल. मला तुम्हाला पुन्हा पडू द्यायचं नाही.’

‘मॅडम, शनिवारी काल्याचं कीर्तन आहे. सप्ताह संपतोय. रांगेत नुसता उभा जरी राहिलो...’

‘या वर्षी नको, सुभेदारसाहेब.’

‘जी मॅडम.’

त्या मनापासून हळहळल्या होत्या, हे पडद्यातूनही दिसत होतं. हैबतरावांना त्यांचा राग आला नाही. फक्त पडदा मालवल्यावर त्यांनी दोन्ही तळहात डोक्याला लावले, आत काय चाललंय ते चाचपून बघावं तसे.

त्याच संध्याकाळी बाजीराव निकमांचा फोन आला. निवृत्त हवालदार, रांगेतली सुभेदारांच्या डावीकडची जागा त्यांची. गुडघा बदलून आल्यापासून त्यांनाही सांभाळ लागलं होतं.

‘काय सुभेदार, येणार का काल्याला?’

‘न्हाई रे. परवानगी न्हाई. तू?’

‘मी?’ बाजीराव हसले. पण त्या हसण्यात नेहमीचा बाजी नव्हता. ‘माझी तर मोरीपण लाल झाली की. सून भांडं आणून देती. आपण कारगिलला गेलो होतो का दुसरं कुणी गेलं होतं, इचार करतोय बसल्या बसल्या.’

फोन ठेवल्यावर हैबतराव बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. खुर्ची, खाट, मोरीची वाट आणि भिंतीतल्या देव्हाऱ्यापुढची हातभर जागा. एवढंच हिरवं उरलं होतं.

शनिवारी सकाळपासून गाव देवळात लोटलं. हैबतरावांचं घर अगदी शेवटाला, पुढं नुसता डोंगर. पण कर्णा इथपर्यंत स्वच्छ ऐकू येई. मृदंगावर थाप पडली तशी हैबतरावांची बोटं खुर्चीच्या हातावर आपोआप चालू लागली.

‘औषधांची वेळ झाली आहे,’ पट्टा म्हणाला.

चंद्राबाईंनी त्यांना गोळ्या दिल्या आणि त्याच तांब्यातल्या पाण्यानं आपली साखरेच्या आजाराची गोळीही गिळून टाकली.

‘तू काही खाल्लंस का?’

‘काल्याच्या आधी? आजवर कधी खाल्लंय? दहीहंडी फुटायच्या टायमाला जाऊन येते, तुमचापण काला आणते. बसा आता गप, बुवा काय सांगतात ते ऐका. वीणेला घालायला तुळशी तेवढ्या खुडते.’

त्या मागच्या दारानं परसात गेल्या. खिडकीतून हैबतरावांना तुळशीवृंदावन दिसत होतं आणि त्यावर वाकलेली चंद्राबाईंची हिरव्या लुगड्यातली पाठ.

कर्ण्यावर बुवा गोवर्धनाची कथा लावत होते. ‘देवानं करंगळीवर पर्वत धरला. गोपाळांना वाटलं, आपणपण हातभार लावू. लावल्या आपापल्या काठ्या खालून! आणि गडी एकमेकांना म्हणत्यात, माझी काठी निघाली तर पर्वत खाली येईल बरं का...’ मंडपात हशा उसळला. हैबतरावही हसले आणि ते हसणं बायकोबरोबर वाटून घ्यायला त्यांनी खिडकीतून बघितलं.

चंद्राबाई वृंदावनाच्या कट्ट्याला धरून बसल्या होत्या. तुळशीची पानं मुठीतून गळत होती.

‘चंद्रा?’

त्यांनी मान वळवली. चेहरा घामानं निथळत होता. ‘आवं...’ त्या म्हणाल्या, पण पुढचे शब्द जड झाले, जिभेवरच राहिले. मग त्या हळूच कलंडल्या. डोकं मातीवर टेकलं, तेही किती सावकाश. घागर ठेवावी तसं.

हैबतरावांना कळलं. गेल्या वर्षी हे एकदा झालं होतं. उपाशीपोटी साखरेची गोळी. तेव्हा डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं, साखर अशी खाली गेली की ताबडतोब काहीतरी गोड तोंडात गेलं पाहिजे. उशीर केला तर माणूस झोपेतच जातं.

ते उठले.

‘थांबा,’ पट्टा म्हणाला. आणि वाट न पाहता गुडघे धरले गेले.

‘अगं, सोड. माझी बायको पडलीय.’

‘आपण पडला नाहीत. आपण सुरक्षित आहात.’

‘मॅडमना बोलव! मॅडमना सांग!’

‘आपले सर्व तज्ज्ञ या क्षणी इतर माजी सैनिकांच्या सेवेत आहेत. कृपया खुर्चीत बसून प्रतीक्षा करा.’

त्यांनी हाका मारल्या. बाजीला, देवाला, गल्लीतल्या प्रत्येक घराला नाव घेऊन. पण गल्ली सगळी मंडपात होती, आणि त्यांच्या म्हाताऱ्या आवाजावर कर्ण्यावरून गावभर गजर कोसळत होता. ज्या नामाशिवाय त्यांचा दिवस सरत नसे तेच नाम आज त्यांच्या हाकेच्या आड आलं होतं. त्यांचा स्वतःचा फोन स्वयंपाकघरात फळीवर. मोज्यांची कडी उघडायची सोय चंद्राबाईंच्या मोबाइलवर, आणि मोबाइल त्यांच्याच कमरेला. सरपटत जावं म्हणून त्यांनी खाली बसायचा प्रयत्न केला. गुडघा वाकायला लागताच तारा करकचून आवळल्या. शहरातल्या त्या दूरच्या मेंदूचं सगळं ध्यान त्यांच्यावर होतं. त्यांची नाडी, त्यांचा श्वास, त्यांच्या पोटरीचं थरथरणं. त्यातलं काही त्याच्या नजरेतून सुटत नव्हतं. आणि चार हातांवर पडलेली बाई त्याला दिसतच नव्हती.

परसात चंद्राबाईंचा हात एकदा मातीवरून सरकला. मग सरकला नाही.

हैबतरावांना आयुष्यात भीती वाटली नव्हती असं नाही. पण त्या प्रत्येक वेळी पाय त्यांचे होते. आज ते त्यांचे नव्हते. मग शरीरानं तेच केलं जे अशा वेळी करायला ते चाळीस वर्षांपूर्वी शिकलं होतं. पाठ ताठ झाली. मुठी वळल्या. हनुवटी वर गेली. टाचा एकमेकींना जाऊन भिडल्या.

पट्ट्यावरचा दिवा हिरवा झाला.

त्यांनी खाली बघितलं. हिरवाच होता. मोजे सैल पडले होते. आणि त्या एका क्षणात, मृदंगावर समेची थाप पडावी तसं त्यांना सगळं कळलं. हा दिवा हिरवा कधी असतो? मॅडमसमोर. मॅडमसमोर आपण काय करतो? चालतो कुठं? संचलन करतो. यंत्राला आपण आपली चाल कधी दाखवलीच नाही. मैदानातली दाखवली. आणि त्या दिवसापासून आपलं प्रत्येक साधं पाऊल, घासणारं, सैल, घरातलं, त्याला पडण्याची सुरुवात वाटत आलं.

विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी देव्हाऱ्यातल्या वाटीतून खडीसाखरेची मूठ उचलली आणि स्वतःलाच हुकूम सोडला.

‘तेज चल.’

उंच पाय, ठाशीव टाच. जोडलेल्या खुब्यात दर पावलाला कुणी पहार घालत होतं. ही चाल बऱ्या माणसाची होती, तरण्या माणसाची, आणि ते दोन्ही नव्हते. घासत घासत, भिंतीला धरून गेले असते तर सुखानं पोचले असते. तसं जायची परवानगी नव्हती. मागच्या दाराशी पायरी होती. पायरीवर तोल गेला, डोळ्यांपुढं काळोखी आली, पण त्यांनी हनुवटी खाली येऊ दिली नाही.

‘उत्तम,’ पट्टा म्हणाला. ‘आपली चाल सुरक्षित आहे.’

लाल परसातून ते हिरवा दिवा घेऊन चालले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाण्याला कुणाची हरकत नव्हती.

ते वृंदावनापाशी पोचले. पायाशी चंद्राबाई होत्या. ओठ पांढरे, श्वास होता की नव्हता ते उभ्यानं कळत नव्हतं. त्यांनी वाकायला सुरुवात केली आणि गुडघे पुन्हा धरले गेले.

‘थांबा. पडण्याची शक्यता वाढली आहे.’

आता इथं, हातभर अंतरावर. मुठीत साखर आणि खाली ती. संचलनात वाकणं नसतं.

हैबतरावांनी एकदा डोंगराकडे बघितलं. ‘देवा, ही माझी काठी काढली,’ ते म्हणाले, आणि न मोडलेल्या खुब्याच्या बाजूनं त्यांनी स्वतःला पडू दिलं. तोडलेलं झाड पडतं तसे. गुडघे धरता येतात, पडणारा माणूस धरता येत नाही.

आदळल्याबरोबर कळ डोक्यापर्यंत गेली. पण आता तिचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर होता. खडा तसाच तोंडात घातला तर घशात अडकेल, एवढं भान त्यांना होतं. त्यांनी खडीसाखर स्वतःच्या दातांखाली फोडली, तिचा ओला चुरा बोटावर घेतला आणि तिच्या गालाच्या आतून, हिरड्यांवरून चोळू लागले. उष्टं होतं. काल्यात उष्टं नसतं. ज्यानं त्यानं आपल्या शिदोरीतलं आणलं आणि देवानं ते एकत्र कालवलं, हे याच घटकेला बुवा तिकडं सांगत असणार. ‘खा गं,’ ते म्हणत होते. ‘हाच काला समज. खा माझी बाय.’

आणि त्याच वेळी पट्ट्यातून आजवर कधी न ऐकलेला कर्कश भोंगा सुरू झाला.

‘पडल्याची नोंद झाली आहे. मदत बोलावण्यात येत आहे.’

देवळाच्या मंडपात, पदरांत आणि खिशांत, गावातला एकूण एक मोबाइल एकदम किंचाळला. बुवांचा शब्द अर्ध्यात तुटला. कर्ण्यावर क्षणभर नुसती शांतता आली, मग धावण्याचा आवाज. सगळ्यांत आधी पोचले ते टाळकरी. गळ्यात टाळ तसेच, धावताना छातीवर आपटून वाजणारे.

चंद्राबाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या ओठांवर साखर होती आणि सुभेदार बाजूला मातीत लाकडासारखे सरळ आडवे पडलेले होते.

‘आवं,’ त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, ‘तुम्हाला बसायला सांगितलं होतं ना?’

खुबा शाबूत निघाला. मार मुका होता. गुरुवारी मेजर मॅडम पडद्यावर आल्या. रडून आल्या असाव्यात. नोंदी त्यांनी पुन्हा पुन्हा बघितल्या होत्या, पण त्यांना अजून उलगडा झाला नव्हता. लाल जागेतून दिवा हिरवा कसा राहिला?

‘मॅडम,’ हैबतराव खाटेवरून म्हणाले, ‘मेंदूची तपासणी नको. चूक माझी आहे. तुमच्यापुढं मी कधी चाललोच नाही. परेड केली.’

मॅडमनी खाली बघून काहीतरी शोधलं आणि मूळ चाल शिकवली त्या पहिल्या दिवसाचं चित्र स्वतःच पुन्हा बघितलं असावं. चेहऱ्यावरून रंग उतरत गेला.

‘मी कौतुक केलं होतं तुमचं,’ त्या म्हणाल्या.

‘तुम्ही वर्दीत होता.’

मोजे सैल करून मूळ चाल नव्यानं शिकवायची ठरली. हैबतराव काठी घेऊन उभे राहिले. पडद्यावर मॅडम आल्या, आज साध्या साडीत. तरी टाचा जुळल्याच.

‘हे माझ्या हातात न्हाई, मॅडम.’

मॅडमनी आपली खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसल्या. खाटेवर चंद्राबाईंनी डोळे मिटून घेतले. ‘चला आता,’ त्या म्हणाल्या. ‘मी एकटीच आहे इथं.’

हैबतरावांनी जुळलेल्या टाचा सुट्या केल्या. डावा पाय घासला. उजवा टेकला. मान जराशी झुकली, ओठांत नाम आलं, खांदा पडला.

‘हां,’ चंद्राबाई डोळे न उघडता म्हणाल्या. ‘आले आमचे हे.’

भिंतीवरच्या नकाशात एकेक खोली हिरवी होत गेली. पण पाठमोऱ्या मॅडम वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही चिन्ह नव्हतं.

‘सुभेदारसाहेब, मी काल सगळ्यांची पहिली चित्रं बघितली. सगळ्यांची.’

‘किती जणांची, मॅडम?’

मॅडमनी त्या सगळ्यांचीच घरं पडद्यावर जोडून दिली. भिंतभर चौकटीच चौकटी. प्रत्येकीत एक म्हातारा खुर्चीत बसलेला. डोंगरावरचे, माळावरचे, कोकणातले, मराठवाड्यातले. पाठी ताठ, मुठी मांडीवर, नजर समोर. मॅडम बोलवतायत म्हटल्यावर आज्ञेत बसलेले. कुणाच्या पायांवर गोधडी होती. कित्येकांचे पाय त्या गोधडीखाली वाळलेल्या काटक्यांसारखे झाले होते. इतके दिवस त्यांना पडण्यापासून सांभाळलं होतं.

खालच्या ओळीत बाजी निकम होता. तोही ताठ.

हैबतरावांच्या अंगावर काटा आला. बर्फात गाडलेल्या चौकीचं दार उकरून उघडावं, आणि आत सगळे आपापल्या जागी बसलेले सापडावेत, तसं ते दृश्य होतं.

‘माझ्यानं होणार नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘मी पाठ केली तरी मी इथं आहे हे त्यांना माहीत असतं. त्यांना सैल व्हायला कुणीतरी सांगायला हवं. त्यांच्यातल्याच कुणीतरी.’

हैबतरावांनी काठी चंद्राबाईंच्या खाटेला टेकवली. छाती भरून घेतली. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचायचा तो आवाज अजून होता आत कुठंतरी, टाळांच्या खाली झाकलेला.

‘परेड... विश्राम!’

कुणीच हललं नाही. मग खालच्या ओळीत बाजीचे खांदे पडले. ‘लई उशीर केला, सुभेदार,’ तो म्हणाला, आणि तोंड फिरवून त्यानं डोळे पुसले. त्याच्या शेजारच्या चौकटीतली मान झुकली. मग वरची. एकेक पाठ वाकत गेली, एकेक मूठ उघडत गेली. वाऱ्यानं शेत हलावं तशी सगळी भिंत हलली.

वरच्या कोपऱ्यातली एक चौकट तशीच राहिली. तिथला म्हातारा समोर बघत होता. पापणी लवत होती, म्हणजे होता. त्याच्यामागे उभ्या बाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पडद्याकडे नुसतं बघितलं.

‘विश्राम, भाऊ,’ हैबतराव हळू आवाजात म्हणाले. ‘विश्राम. झाली परेड.’

म्हातारा समोर बघत राहिला. हैबतरावही हलले नाहीत. मॅडमनी पडदा मिटवायला हात पुढं केला तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं. खाटेवर चंद्राबाई कान देऊन बसल्या होत्या, आणि पुन्हा एकदा, आधीपेक्षाही हळू, सुभेदारांनी तोच शब्द उच्चारला आणि वाट बघत उभे राहिले.